जाडी चार

माझं काम वर्तुळं काढायचं.
ग्लासगोत, क्लाइडच्या काठी, चौथा मजला, रात्रपाळी.
आभाळातून काढलेले फोटो येतात,
मी त्यांवर लाल गोल काढते, एक बाण,
आणि बाणाच्या शेपटीशी लिहिते
फर्गस सांगेल ते.

त्या मंगळवारी आलं एक छप्पर.
लांबट, पत्र्याचं. शेजारी सात काळे ठिपके,
ठिपक्यांतून वाफ,
पलीकडे काहीतरी ओळीनं टांगलेलं.
सोबत सरकारी कागद, पाऊण पान.
त्यात ‘बहुधा’ दोनदा, ‘नाकारता येत नाही’ एकदा,
आणि ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ तर मिठासारखं,
चवीपुरतं, सगळीकडे.

फर्गसच्या टेबलावर ‘बहुधा’ गळालं.
मथळ्यात मावत नव्हतं.
निवेदिकेच्या ओठांवर पोचेतो
छपराचा कारखाना झाला होता,
आणि ठिपक्यांखाली मी लिहिलं होतं, माझ्याच हातानं,
विषारी रसायनांच्या टाक्या.
अक्षर ठळक. वर्तुळाची जाडी चार.

अनारगुल दुभाषी. तासावर पैसे.
तिला बोलावलं होतं एका म्हातारीसाठी,
अकरा सेकंदांची म्हातारी,
खालची ओळ आधीच तयार: आम्हाला वाचवा.
अनारगुल म्हणाली, ती असं म्हणत नाहीये.
ती विचारतेय, माझी शेळी कुणी सोडली.
फर्गस हसला. दमलेला होता, वाईट नाही तो माणूस.
म्हणाला, भावार्थ तोच ना?

मग तिची नजर माझ्या पडद्यावर गेली.
चहाचा कागदी पेला तिनं हळूच खाली ठेवला.
हे दर्रा-ए-सोर.
ही माझ्या मामीची रंगशाळा.
हा हौद मंजिष्ठेचा, हा अक्रोडाच्या सालींचा,
हा डाळिंबाचा, याचा वास असा की
विषारी म्हणालात तर मामी भांडणार नाही.
आणि टांगलंय ते सूत. लोकरीचं.
फोटो गुरुवारचा असणार. गुरुवारी सगळ्या बायका येतात.
मोज, एकोणीस दोऱ्या भरतील.

मोजल्या.
एकोणीस.

सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ पाहिलेत.
यांनी स्वर्गात बसून सूत पाहिलं
आणि त्याचं सूत्र केलं.

फर्गसनं फोन लावला, खरंच लावला.
हो. हो. बरं.
ठेवला.
ते म्हणतात, खात्री आहे.
कशावरून?
ते गुप्त आहे.
मूठ रिकामी असली
तरी झाकलेली ठेवायची ही किती सभ्य रीत.

दहाच्या बातम्यांत छप्पर गेलं. बाराच्या. सकाळी सहाच्या.
विमानं गेली गुरुवारी.

शुक्रवारचा फोटो माझ्याकडेच आला,
‘आधी’च्या शेजारी ‘नंतर’ लावायला.
नंतरमध्ये ठिपके नव्हते. दोऱ्या नव्हत्या.
एक डाग होता, ओघळत ओढ्यापर्यंत गेलेला.
स्टुडिओतले तज्ज्ञ म्हणाले, बघा, रसायन.
अनारगुल त्या दिवशी आली नव्हती.
मला कळत होतं, ही मंजिष्ठा.
किंवा कळत नव्हतं.
इतक्या उंचीवरून लाल ते लाल.

दुरुस्ती चार महिन्यांनी आली,
पडद्याच्या तळाशी, सरकत्या पट्टीत,
फुटबॉलच्या निकालांमागून, घाईघाईनं.

अनारगुलनं माझ्याकडे एकच मागितलं:
तो पहिला फोटो, वर्तुळाशिवाय.
मी शोधला. मूळ प्रत कुठेच नव्हती.
गोल चित्रात मुरला होता,
पक्क्या रंगासारखा.
तिनं तसाच घेतला, घडी न घालता,
छातीशी धरून लिफ्टपर्यंत गेली.

आज नवं छप्पर आलंय. देश दुसरा.
फाइल उघडली तर यंत्राला माझं शेवटचं माप आठवत होतं,
कर्सरच्या टोकाशी गोल आधीच तयार,
लाल, जाडी चार.
अंगणात काहीतरी वाळत घातलंय.
मी मोजतेय.
पलीकडून फर्गस विचारतोय,
झालं का?